पारख : वाईनची बाटली आणि द्राक्षाचा मणी



गुळाची ढेप घेताना आपण काय करतो? नखाने कोपरा उकरतो, खडा जिभेवर ठेवतो, खारट लागला तर ढेप बाजूला सारतो. फार पिवळाधमक गूळ दिसला की मनात शंका येते. ही पारख कोणत्या शाळेत शिकवत नाहीत. आजी करीत होती, आई करते, आपणही करतो.

आज मात्र अशा वस्तूची पारख सांगायची आहे की जी आपल्यापैकी पुष्कळांच्या उंबऱ्याच्या आत येत नाही. जालन्याकडच्या एका भगिनीचे पत्र आले आहे. त्या लिहितात, "मुलगा दोन एकर वाईनची द्राक्षे लावायची म्हणतो. कारखाना करार करून देणार आहे. आमचे घर माळकरी. या वस्तूतले बरे-वाईट आम्हांला काही कळत नाही. ज्याची परीक्षा आपल्याला येत नाही तो माल पिकवावा का?"

प्रश्न लाखमोलाचा आहे. द्राक्ष आपल्या भागाला नवे नाही. चौदाव्या शतकात इब्न बतूता हा प्रवासी दौलताबादेस आला होता. इथे द्राक्षे आणि डाळिंबे वर्षातून दोनदा येतात, असे त्याने लिहून ठेवले आहे. आज जालन्याजवळच्या कडवंचीने पाणी अडवून द्राक्षबागा उभ्या केल्या, हे आपण जाणतोच. पण ही सारी खाण्याची द्राक्षे. वाईनच्या द्राक्षाची जातकुळी वेगळी.

आधी एक गोष्ट साफ सांगते. हा लेख कोणाला प्यायला शिकवण्यासाठी नाही. वाईनमध्ये शेकडा 12 ते 14 भाग मद्यार्क असतो, आणि तो द्राक्षातून आला म्हणून सौम्य होत नाही. थोडीसुद्धा दारू शरीराला निर्धोक नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने 2023 साली स्पष्ट सांगितले. जे घेत नाहीत त्यांनी सुरू करू नये. पण घेणारा गिऱ्हाईक बाटली कशी निवडतो, हे पिकवणाऱ्याला ठाऊक हवे.

वाईन होते कशी? द्राक्षाच्या रसातली साखर आंबते आणि तिचा मद्यार्क होतो. पांढऱ्या वाईनला रस सालीपासून लवकर वेगळा करतात. तांबड्या वाईनला काळी द्राक्षे सालीसकट आंबवतात, कारण रंग सालीत असतो. काळ्या द्राक्षाचा मणी सोलून पाहा, आतला गर बहुधा पांढुरकाच निघेल. साल आणि बी यांतून तुरटपणाही उतरतो. म्हणून तांबडी वाईन जांभळासारखी जिभेला धरते, आणि पांढरीत कैरीसारखा आंबटपणा पुढे येतो.

आता बाटलीची पारख. दुकानात पहिले पाहायचे ते साल. रोजच्या जेवणाबरोबरची साधी पांढरी वाईन वर्ष-दोन वर्षांत संपवायची असते. ती लोणच्यासारखी मुरत नाही, उतरते. दुसरे, बाटली ठेवली कुठे आहे? मराठवाड्याचा मे महिना आपण जाणतो. काचेच्या कपाटात उन्हात उभी राहिलेली बाटली आतून शिजते. तिसरे, द्राक्षाच्या जातीचे नाव. पांढऱ्यात शेनिन ब्लां आणि सोव्हिन्यों ब्लां, तांबड्यात शिराझ आणि काबर्ने ही नावे आपल्याकडच्या बाटल्यांवर दिसतात. फिरकीचे झाकण म्हणजे हलका माल असे समजू नये. बुचाइतकेच ते चांगले. आणि "रिझर्व्ह" असा शब्द सोनेरी अक्षरांत छापला म्हणून आतला माल आपोआप सुधारत नाही.

पेल्यात ओतल्यावर आधी डोळा, मग नाक, शेवटी जीभ. पांढरी वाईन कापून ठेवलेल्या सफरचंदासारखी तपकिरी दिसली तर ती उतरली. नाकाला शिरक्याचा किंवा ओल्या पुठ्ठ्याचा वास आला तर बाटली बिघडलेली. चांगल्या सोव्हिन्योंला पेरूचा, हिरव्या मिरचीचा वास येतो. शिराझला जांभळाचा आणि काळ्या मिरीचा. जिभेवर गोड, आंबट, तुरट यांपैकी एकानेच आरडाओरड करू नये. आपल्या आमटीत चिंच आणि गूळ जुळतात, तसे हे जुळायला हवे. घोट गेल्यावर चव थोडा वेळ रेंगाळली तर माल बरा. धंद्यातले पारखी तर घोट तोंडात फिरवून थुंकून टाकतात. दिवसाला पन्नास बाटल्या तपासायच्या तर दुसरा उपाय नाही.

आणि किंमत? बाटलीवरचे नाव पाहिले की जीभ खोटे बोलते. 1976 साली पॅरिसमध्ये फ्रेंच पारख्यांपुढे बाटल्यांची नावे झाकून फ्रान्सच्या आणि कॅलिफोर्नियाच्या वाईन ठेवल्या. तांबडीत आणि पांढरीत, दोन्हीकडे कॅलिफोर्नियाची बाटली पहिली आली! नामांकित फ्रेंच घराणी मागे पडली. म्हणून शहाणा गिऱ्हाईक दोन-तीन स्वस्त बाटल्या कागदात गुंडाळतो, चाखतो आणि मगच ठरवतो. आपल्या तिखट जेवणाबरोबर तर महागडी तुरट तांबडी अधिकच झोंबते. तिथे थंड केलेली, किंचित गोडसर पांढरी बरी लागते.

भगिनींनो, आता पत्राच्या मूळ प्रश्नाकडे येऊ. 750 मिलिलिटरच्या एका बाटलीला साधारण सव्वा किलो द्राक्षे लागतात. समजा, किलोला 40 रुपये भाव मिळाला, तर बाटलीत आपली द्राक्षे 50 रुपयांची. बाकी काच, बूच, कर, वाहतूक आणि जाहिरात. म्हणजे दुकानात बाटली कितीही महाग विकली, तरी त्यावरून आपल्या मालाचा भाव ठरत नाही.

आपला भाव ठरतो तो मण्यात. आणि इथेच त्या माळकरी भगिनीला उत्तर आहे. मणी चाखायला माळेची आड येत नाही! वाईनचा मणी लहान, जाड सालीचा, बी असलेला. तोडणीच्या आधी कारखान्याचा माणूस बागेत येतो, मणी तोंडात टाकतो आणि बी चावतो. बी हिरवे, कडू लागले तर द्राक्ष कच्चे. तपकिरी होऊन कटकन फुटले तर पिकले. साखरही खाण्याच्या द्राक्षापेक्षा जास्त लागते, साधारण 22 ते 24 ब्रिक्स. पण नुसती साखर चढून आंबटपणा गेला, तर वाईन मिळमिळीत होते. वेलीवर घडांची गर्दी ठेवली तर माल वजनाला भरतो, चवीला पातळ होतो. हे सारे आपण स्वतः चाखून ओळखू शकतो.

आता सावधगिरी. राज्य सरकारने 2001 साली द्राक्षप्रक्रिया उद्योगाचे धोरण आणले, नाशिक जिल्ह्यात विंचूरला आणि सांगलीकडे पलूसला वाईन पार्क झाले, आणि पुष्कळांनी वाईनच्या जाती लावल्या. मग 2008 ची मंदी आली. मागणी पडली, टाक्या भरलेल्या राहिल्या, आणि करार असूनही अनेकांचा माल उचलला गेला नाही. ही बीवाली, बारीक द्राक्षे खाण्याच्या बाजारात कोण घेणार? कित्येकांनी उभ्या बागा उपटल्या.

म्हणून सही करण्यापूर्वी मुलाला एवढे विचारायला सांगा. भाव किती ब्रिक्सला, आणि मोजणार कोण? मोजताना आपलेही मीटर शेजारी असेल ना? तोडणी कारखान्याने लांबवली आणि मणी सुकून वजन घटले, तर नुकसान कोणाचे? पैसे किती दिवसांत? आणि माल नाकारला तर कारण लेखी मिळेल का? शक्य असेल तर दोन एकर एकदम लावू नयेत. अर्ध्या एकरावर हात बसू द्यावा.

ताई, परीक्षा येत नाही असे तुम्ही लिहिलेत. पण हुरडा कोवळा की निबर हे बोटाने सांगणारी बाई मणी चावून सांगू शकणार नाही, हे मला पटत नाही. येत्या हंगामात तोडणीच्या दिवसांत एखाद्या वाईनच्या बागेत जाऊन या. दहा वेलींचे दहा मणी चावा. मुलाला सोबत न्या, आणि करार मात्र त्यानंतर वाचा.

पुढच्या आठवड्यात करडईच्या तेलाची पारख.