विश्लेषण : चिनी हायब्रिड मोटारींनी युरोपची करभिंत कशी ओलांडली?

चीनमधून येणाऱ्या स्वस्त विजेरी मोटारींना आवर घालण्यासाठी युरोपीय महासंघाने ऑक्टोबर २०२४ मध्ये त्यांच्यावर जबर अतिरिक्त शुल्क लादले. चिनी कंपन्यांनी त्यावर फारसा त्रागा न करता दुसरीच गाडी जहाजावर चढवली. ती होती विजेवरही चालणारी आणि पेट्रोलवरही चालणारी ‘प्लग-इन हायब्रिड’. तिला हे अतिरिक्त शुल्क लागू नाही. तिला रोखायचे, तर युरोपला स्वतःच्याच मोटार उद्योगाच्या मागण्या आडव्या येतात.

प्लग-इन हायब्रिड म्हणजे काय?

आपल्याकडे रस्त्यावर दिसणाऱ्या इनोव्हा हायक्रॉससारख्या साध्या हायब्रिड गाडीतील बॅटरी छोटी असते. ती इंजिनावर आणि ब्रेक दाबताना वाया जाणाऱ्या ऊर्जेवर चार्ज होते. प्लग-इन हायब्रिडची बॅटरी बरीच मोठी असते आणि ती घरच्या किंवा सार्वजनिक चार्जरला जोडून भरता येते. रोजचे कार्यालयात जाणे-येणे विजेवर आणि लांबचा प्रवास पेट्रोलवर, अशी ही कल्पना. चार्जर सापडेल की नाही, या चिंतेने विजेरी गाडी टाळणाऱ्या ग्राहकाला ती पटते.

शुल्कातून ही गाडी सुटली कशी?

युरोपीय आयोगाच्या अध्यक्ष उर्सुला फॉन डेर लायन यांनी सप्टेंबर २०२३ मध्ये चौकशीची घोषणा केली, तेव्हा रोख होता तो पूर्ण विजेरी गाड्यांवर. अनुदानविरोधी चौकशी ठरावीक उत्पादनापुरती असते. त्या उत्पादनाला सरकारी अनुदान मिळते आणि त्यामुळे स्थानिक उद्योगाचे नुकसान होते, हे पुराव्याने दाखवावे लागते. त्यामुळे ऑक्टोबर २०२४ अखेर पाच वर्षांसाठी लागू झालेले शुल्कही विजेरी गाड्यांपुरतेच राहिले. बीवायडीला १७ टक्के, जीलीला १८.८ टक्के आणि एमजी ब्रँडची मालक असलेल्या ‘साइक’ला ३५.३ टक्के असे हे दर असून, मूळ १० टक्के आयात शुल्क वेगळे. समजा, ‘साइक’ची २० हजार युरो मूल्याची विजेरी गाडी बंदरात उतरली, तर तिच्यावर एकूण ९,०६० युरो शुल्क बसते. त्याच किमतीच्या प्लग-इन हायब्रिडवर बसते दोन हजार युरो.

नियमातील व्याख्या याहून गमतीची आहे. इंजिन फक्त वीज तयार करीत असेल आणि चाके केवळ इलेक्ट्रिक मोटर फिरवत असेल, तर अशी ‘रेंज एक्स्टेंडर’ गाडी विजेरी मानली जाते आणि तिला अतिरिक्त शुल्क लागते. तेच इंजिन गरजेनुसार थेट चाकांनाही जोडले जात असेल, तर गाडी हायब्रिड ठरते आणि शुल्कातून सुटते. म्हणजे पेट्रोल जाळणाऱ्या इंजिनाने चाकांना हात लावला, की कर कमी! हवामानाच्या नावाने धोरणे आखणाऱ्या ब्रसेल्सला हे शोभणारे नाही.

चिनी कंपन्यांनी ही पळवाट शोधली, की ती आयती मिळाली?

पळवाट आयती मिळाली. तीतून न्यायची गाडी मात्र वर्षानुवर्षे तयार होत होती. बीवायडीने ‘एफ३डीएम’ ही प्लग-इन हायब्रिड डिसेंबर २००८ मध्येच चीनच्या बाजारात आणली. मोठ्या प्रमाणावर उत्पादन होणारी ती जगातील पहिली प्लग-इन हायब्रिड मानली जाते. ती फारशी खपली नाही; पण बॅटरी, मोटर आणि नियंत्रण प्रणाली स्वतःच बनवणारी ही कंपनी तंत्र घोटत राहिली. २०२१ मध्ये आलेल्या तिच्या ‘डीएम-आय’ प्रणालीत शहरी वेगात चाके मुख्यतः मोटरवर फिरतात आणि इंजिन बहुतांशी जनित्राचे काम करते. महामार्गाच्या वेगाला इंजिन थेट चाकांना जोडले जाते.

युरोपीय कंपन्यांनी बराच काळ याच्या उलट मार्ग धरला. हाताशी असलेले इंजिन आणि गिअरबॉक्स तसेच ठेवून त्यांच्यामध्ये मोटर बसवायची आणि जागा उरेल तेवढी बॅटरी कोंबायची. अशी गाडी जड होते, महाग होते आणि विजेवर जेमतेम चालते. कंपनीच्या गाडीवरील करसवलत मिळवण्यापुरता तिचा उपयोग, असा समज युरोपात रुजला तो उगाच नाही. फोक्सवागनच्या टिग्वान आणि पसाटची नवी हायब्रिड रूपे विजेवर १०० किलोमीटरहून अधिक धावतात. पण ती आली, तोवर चिनी गाड्याही दारात उभ्या होत्या.

बीवायडीची ‘सील यू डीएम-आय’ १८.३ किलोवॉट-तासाच्या बॅटरीवर प्रमाणित चाचणीत ८० किलोमीटर जाते. भरलेल्या टाकीसह १,०८० किलोमीटरचा कंपनीचा दावा आहे. चीनमध्ये हीच गाडी ‘साँग प्लस’ नावाने विकली जाते आणि जर्मनीतील तिची किंमत तिथल्या किमतीच्या दुपटीहून अधिक आहे. जर्मनीतील विक्रीकर वजा केला तरी तफावत मोठी उरते. मायदेशातील दरयुद्धात नफा आटलेल्या कंपन्यांना युरोप एवढा का खुणावतो, याचे उत्तर या तफावतीत आहे.

ब्रिटन आणि अमेरिकेत काय स्थिती?

महासंघाबाहेर पडलेल्या ब्रिटनने अतिरिक्त शुल्क लावलेच नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये बीवायडीने तिथे ११,२७१ गाड्या विकल्या. त्यात ‘सील यू’ हायब्रिडचा वाटा सर्वात मोठा होता आणि चीनबाहेर ब्रिटन ही कंपनीची सर्वात मोठी बाजारपेठ ठरली. चेरी कंपनीची ‘जेकू ७’ही त्याच महिन्यात सर्वाधिक खपाच्या पहिल्या दहा गाड्यांत होती. अमेरिकेने मात्र दार पक्के लावले आहे. २०२४ मध्ये चिनी विजेरी गाड्यांवरील शुल्क १०० टक्के झाले आणि जानेवारी २०२५ मध्ये इंटरनेटशी जोडलेल्या गाड्यांतील चिनी सॉफ्टवेअरवर टप्प्याटप्प्याने बंदीचा नियम आला. त्यात इंजिन कोणते, हा प्रश्नच नाही.

पर्यावरणाचे काय?

चालक गाडी चार्जिंगला लावतो का, यावर सारे अवलंबून आहे. युरोपीय आयोगाने मार्च २०२४ मध्ये प्रत्यक्ष रस्त्यावरील गाड्यांची आकडेवारी जाहीर केली. त्यानुसार प्लग-इन हायब्रिडचे कार्बन उत्सर्जन कागदावरील आकड्याच्या सुमारे साडेतीनपट निघाले. कागदावरचा आकडा काढताना ‘गाडी इतका टक्के प्रवास विजेवर करेल’ असे गृहीत धरले जाते. इंधनाचे बिल कंपनी भरणार असेल, तर चालक वायर जोडण्याची तसदी घेत नाही. २०२५ पासून हे गृहीतक कठोर करण्यास सुरुवात झाली आहे. ज्यांची बॅटरी मोठी, त्यांना याचा फटका कमी. म्हणजे इथेही फायदा प्रामुख्याने नव्या चिनी गाड्यांनाच.

मग युरोप हायब्रिडवरही शुल्क का लावत नाही?

त्यासाठी नवी चौकशी हवी आणि सदस्य देशांचे पाठबळही. विजेरी गाड्यांवरील शुल्काच्या वेळी दहाच देश बाजूने होते, पाच विरोधात आणि १२ तटस्थ. विरोधकांत जर्मनी होता, कारण त्याच्या कंपन्यांची मोठी विक्री चीनमध्ये होते. आणि हंगेरीही, जिथे सेगेद येथे बीवायडीचा कारखाना उभा राहत आहे. स्पेनमध्ये निसान सोडून गेलेल्या बार्सिलोनातील कारखान्यात चेरीने ‘एब्रो’ या स्थानिक कंपनीशी हातमिळवणी केली आहे. चीनने युरोपीय ब्रँडी आणि डुकराच्या मांसावर शुल्क लावून प्रत्युत्तराची चुणूकही दाखवली.

खरी अडचण घरातच आहे. २०३५ नंतर नव्या गाड्यांतून कार्बन उत्सर्जन शून्यावर आणण्याचा नियम आयोगाने डिसेंबर २०२५ मध्ये सैल करून ९० टक्के कपातीवर आणण्याचा प्रस्ताव मांडला. त्यामुळे २०३५ नंतरही प्लग-इन हायब्रिड विकता येतील. ही मागणी जर्मन मोटार उद्योगाने लावून धरली होती. ज्या तंत्राला जीवदान मिळावे म्हणून आग्रह धरला, त्यात चीन आज पुढे आहे.

भारताचा संबंध कुठे येतो?

टाटा समूहाच्या मालकीच्या जग्वार लँड रोव्हरमुळे. ब्रिटनमध्ये ‘जेकू ७’ला लोक ‘टेमू रेंज रोव्हर’ म्हणतात. टेमू हे स्वस्त चिनी मालाचे ऑनलाइन दुकान. रूप रेंज रोव्हरच्या वळणाचे, हायब्रिडची किंमत मात्र सुमारे ३५ हजार पौंड. गंमत अशी की, ज्या चेरीची ही गाडी, तीच चीनमधील चांगशू येथील कारखान्यात जग्वार लँड रोव्हरची निम्मी भागीदार आहे. जून २०२४ मधील करारानुसार ‘फ्रीलँडर’ हे लँड रोव्हरचे जुने नाव या भागीदारीतील विजेरी गाड्यांना दिले जाणार आहे. गाडीचा सांगाडा चेरीचा असेल. विक्री आधी चीनमध्ये आणि पुढे निर्यात, असा तो बेत आहे.