विहिरी मोजल्या, पण उपसा कोण मोजणार?



आज पिकावर नाही, पाण्यावर लिहितोय. हरभरा, गहू, ऊस सगळं मोटारीवर उभं आहे, आणि जमिनीखालून आपण किती पाणी काढतो हे गावात कुणालाच माहीत नाही. सरकारकडं आकडा आहे, पण तो कसा निघतो ते आधी समजून घेऊ.

भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी मे महिन्यात आणि पावसाळ्यानंतर मोजते. त्यावरून पाणी किती मुरलं याचा अंदाज लागतो. मग वापरण्याजोग्या पाण्यातलं वर्षाला किती उपसलं त्याची टक्केवारी काढतात. ७० टक्क्यांपर्यंत सुरक्षित, ७० ते ९० अंशतः शोषित, ९० ते १०० शोषित, त्याच्यावर गेलं की अतिशोषित. पुढं विहिरीच्या योजना, परवानग्या या शिक्क्यावर अडतात नाहीतर सुटतात. म्हणून हा आकडा आपल्या पोटापाण्याचा आहे.

मुरलेलं पाणी निदान पातळीवरून कळतं. खरी अडचण उपशाची. तो काढायच्या तीन रीती आहेत. एक, चालू विहिरी मोजायच्या आणि एका विहिरीच्या सरासरी उपशानं गुणायचं. दोन, भिजलेलं क्षेत्र आणि पिकाची पाण्याची गरज यांचा गुणाकार. तीन, जळालेल्या विजेवरून. तिसरी रीत आपल्याकडं चालणं अवघड. कितीतरी मोटारींना मीटरच नाही, २०२४ पासून साडेसात एचपीपर्यंत बिल माफ आहे, आणि सौर पंपाला तर बिलच नाही.

पहिल्या रीतीतला घोळ प्रत्येक कास्तकाराला ठाऊक आहे. सातबाऱ्यावर विहीर असते आणि ती पाच वर्षांपासून कोरडी असते. शेजारच्या बांधावर तीन बोअर असतात आणि कागदावर एकही नसतो. शिवाय सरासरी विहीर म्हणजे कोणती? पाथरी-मानवतकडं जायकवाडीच्या कालव्याखालची विहीर उन्हाळ्यात उसाला पुरते. जिंतूरच्या माळावरची तासाभरात तळ दाखवते. एकच विहीरसुद्धा नोव्हेंबरात आठ तास चालते आणि मार्चमध्ये दीड तास.

आता खडकाचं बघा. आपल्या खाली काळा पाषाण, म्हणजे बेसाल्ट. मांजऱ्या, फुटलेल्या थरातसुद्धा हिशेबाला धरतात ते साधारण २ टक्के. म्हणजे शंभर लिटर खडकात हाती येणारं पाणी दोन लिटर. एका एकराला ५ सेंटिमीटरची एक पाळी दिली तर दोन लाख लिटर पाणी लागतं. तेवढं पाणी त्याच एकराखालून काढायचं म्हटलं तर पातळी अडीच मीटर उतरली पाहिजे. गव्हाच्या सहा पाळ्या धरा, पंधरा मीटर! त्यातलं थोडं परत मुरतं हे खरं. पण एवढं पाणी एका एकराच्या पोटात नसतंच. ते शेजाऱ्याच्या रानाखालून येतं. विहीर माझ्या नावावर असली तरी झरा माझ्या नावावर नाही.

म्हणून माझं मत सरळ आहे. उपशाचा आकडा वरून येण्याची वाट बघायची नाही, गावानं खालून द्यायचा. त्याला ना मशीन लागतं ना पैसा. दोनशे लिटरची टाकी पाइपाखाली ठेवा आणि मोबाइलवर सेकंद मोजा. चाळीस सेकंदात भरली तर तासाला अठरा हजार लिटर. एकर भिजवायला अकरा तास. हंगामात ५०० तास मोटार चालली तर ९० लाख लिटर. पातळी उतरली की धार बारीक होते, म्हणून हीच मोजणी नोव्हेंबर, जानेवारी, मार्च अशी तीनदा करा. मोटारीचे तास वहीत लिहा. महिन्यातून एकदा सकाळी मोटार लावायच्या आधी दोरी सोडून पातळी बघा.

मग ताळा घ्या. ई-पीक पाहणीतलं बागायत क्षेत्र आणि पाळ्यांचा गुणाकार एकीकडं, टाकी आणि तासांचा हिशेब दुसरीकडं. दोन्ही जवळपास आले तर आकडा विश्वासाचा. लांब गेले तर कुठली तरी बोअर लपली आहे नाहीतर क्षेत्र चुकीचं लागलं आहे.

काही मंडळी म्हणतील, हे लिहून दिलं की उद्या मीटर बसेल, पट्टी लागेल. ही भीती खोटी म्हणणार नाही. विहिरींची नोंदणी, पाणलोटाचा भूजल वापर आराखडा, हे सगळं २००९ च्या भूजल कायद्यात आहेच आणि तो २०१४ पासून लागू आहे. पण आकडा लपवून फायदा कुणाचा होतो? ज्याच्याकडं तीनशे फूट बोअर पाडायला पैसा आहे त्याचा. चाळीस फुटी विहिरीवाला गप्प राहून आपलंच पाणी देऊन बसतो. उद्या कायद्याची माणसं आली, तेव्हा आपल्या हातात आपली वही असलेली बरी.

हिवरे बाजारनं हेच केलं. पाऊस मोजला, ताळेबंद मांडला, त्यावर पिकं ठरवली आणि बोअरचं पाणी शेतीला बंद केलं. त्यांच्याकडं पाऊस आपल्यापेक्षा कमीच पडतो.

विद्यापीठातल्या आणि कृषी खात्यातल्या साहेबांना एक विनंती. पाळीमागं किती पाणी, हे आपल्या काळ्या आणि मुरमाड रानासाठी वेगवेगळं, साध्या लिटरमध्ये सांगा. हेक्टर-मीटर आम्हाला उमगत नाही. एक हेक्टर-मीटर म्हणजे एक कोटी लिटर, एवढं कुणी सांगितलं तरी माणूस विचार करायला लागतो.

ग्रामपंचायतीच्या भिंतीवर पाऊस, पातळी आणि उपसा असे तीन आकडे लिहिले तर बी घ्यायच्या आधी गाव ते वाचेल. दहा विहिरींपासून सुरू केलं तरी चालतंय. या आठवड्यात टाकी लावा, सेकंद मोजा आणि वहीत तारीख टाका.