दुआ हवीच, पण दवेला उशीर नको

मोहल्ल्यात एखाद्या पोराला ताप आला की दुसऱ्या दिवशी त्याला दवाखान्यात नेलं जातं. तोच पोरगा महिनाभर झोपत नसेल, कॉलेज चुकवत असेल, मित्रांना टाळत असेल, तर मात्र घरातच निदान होतं: 'नजर लागली', 'असर आहे', 'इमान कमजोर झालं'. मुलगी असेल तर 'निकाह झाला की ठीक होईल'. माझा आक्षेप दुआला नाही, या उशिराला आहे.

जागतिक आरोग्य संघटनेनुसार प्रौढांमधल्या निम्म्या मानसिक आजारांची सुरुवात वयाच्या १८व्या वर्षापर्यंत झालेली असते, आणि बहुतेकांवर उपचारच होत नाहीत. म्हणजे आमिलकडून आमिलकडे फिरण्यात जातात ती वर्षं नेमकी दहावी-बारावीची, कॉलेजची असतात.

उशीर टोकाला गेला की काय होतं, हे तामिळनाडूतल्या एरवाडीने दाखवलं. ६ ऑगस्ट २००१ रोजी तिथल्या दर्ग्याजवळच्या एका आश्रयगृहाला आग लागली. साखळदंडांनी बांधलेले २८ मनोरुग्ण पळूही शकले नाहीत. याउलट गुजरातच्या उनावा गावात, मीरा दातार दर्ग्यात, 'दवा आणि दुआ' उपक्रमातून मानसोपचाराची सोय झाली. मुजावरांना लक्षणं ओळखायला शिकवलं गेलं. श्रद्धा तशीच राहिली, वर डॉक्टर मिळाला. इलाज करून घ्या, ही तर पैगंबरांचीच शिकवण आहे.

'लोकांना कळलं तर रिश्ता कसा जमेल?' ही भीती खरी आहे. म्हणून कायदा माहीत असायला हवा. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नुसार सरकारी उपचार हा हक्क आहे आणि रुग्णाची माहिती गुप्त ठेवणं बंधनकारक आहे. जीव द्यायचा प्रयत्न करणाऱ्याला हा कायदा गुन्हेगार नव्हे, तीव्र तणावाखाली असलेली व्यक्ती मानतो.

तुम्ही काय करू शकता? दोस्ताची झोप, भूक, अभ्यास दोन आठवडे बिघडलेला दिसला तर नसीहत देऊ नका, आधी ऐकून घ्या. 'मरून जावंसं वाटतं का?' असं थेट विचारा. विचारल्याने धोका वाढत नाही. उत्तर 'हो' आलं तर त्याला एकटं सोडू नका. 'टेलि-मानस'च्या १४४१६ या क्रमांकावर फोन लावा. सेवा मोफत आणि चोवीस तास आहे. नंतर सोबत सरकारी रुग्णालयात जा.

आणि आपल्या मशिदीच्या कमिटीला सांगा: हा नंबर नमाजच्या वेळापत्रकाशेजारी लावा. एका कागदाचा तर खर्च आहे.