प्रेक्षकाला पट्टी कोण देणार?

गेल्या महिन्यात आमच्या बार्शीच्या अभ्यासवर्गात एक तरुण कार्यकर्ता मागे बसून मोबाइलवर एका मालिकेच्या शेवटाविषयी कुणा अनोळखी माणसाशी हिरिरीने वाद घालीत होता. एका ज्येष्ठ सहकाऱ्याने त्याला सर्वांदेखत फटकारले, "महागाईवर तोंड उघडत नाही आणि नटनट्यांवर रात्ररात्र पारायणे चालतात!" हशा पिकला. मीही हसलो, आणि त्याची मला आता खंत वाटते.

चित्रपटावरचे मत म्हणजे रिकामटेकड्यांचा उद्योग, हे आपल्या चळवळीतील जुने सोवळे आहे. २९ एप्रिल २०१६ रोजी 'सैराट' प्रदर्शित झाला. दिग्दर्शक नागराज मंजुळे आपल्याच जिल्ह्यातील, करमाळा तालुक्यातील जेऊरचे. जातीबाहेर लग्न केलेल्या जोडप्याचा मुलीच्या माहेरचीच माणसे शेवटी खून करतात. त्या उन्हाळ्यात फेसबुकवर गाण्यांचे कौतुक झाले, तसा 'पोरी बिघडतील' हा कांगावाही झाला आणि जातीवरून शिवीगाळही. ज्या विषयावर गावच्या पारावर, महाविद्यालयाच्या वर्गात आणि, कबूल करू या, आपल्या शिबिरांतही माणसे आडूनआडून बोलत, त्यावर ती उघडपणे भांडली. पुढे २०१८ साली 'धडक' हा त्याचा हिंदी अवतार आला. कथा उदयपूरला नेताना जातीची धार बोथट केली, हा आक्षेप समीक्षकांबरोबर साध्या प्रेक्षकांनीही घेतला. त्यासाठी त्यांना आपल्या अभ्यासवर्गाची गरज पडली नाही.

तेव्हा वाद घालणाऱ्याशी आपले भांडण नाही. ज्या बाजारात तो वाद विकला जातो, त्या बाजाराशी आहे. बार्शीच्या बाजार समितीत शेतकरी तूर आणतो. तोलाई-हमालीच्या हिशेबात तो नागवला जातो, हे आपण वर्षानुवर्षे सांगत आलो. तरी दिवस मावळताना त्याच्या हातात पट्टी पडते. चाहता आपले मत, हसू आणि संताप ज्या बाजारात ओततो, तेथे पट्टीच नाही. जाहिरातींवर जगणाऱ्या माध्यमांत खरा विक्रीचा माल कार्यक्रम नसून प्रेक्षक असतो, असे कॅनडातील अर्थतज्ज्ञ डॅलस स्मिथ यांनी १९७७ सालीच मांडले होते. स्मिथ यांच्या काळचा प्रेक्षक नुसता पाहत होता, आजचा लिहितोही. म्हणजे मालही तोच आणि हमालही तोच! फेसबुक आणि इन्स्टाग्रामची मालक असलेल्या मेटा कंपनीचे २०२४ मधील उत्पन्न सुमारे १६४ अब्ज डॉलर होते. त्यातील जवळजवळ ९८ टक्के जाहिरातींचे. आणि समंजस बोलण्यापेक्षा भांडण माणसाला पडद्याशी अधिक वेळ खिळवते. कंपनीच्या हिशेबी रसिकाचे रसग्रहण आणि जातीची शिवी यांत भेद नाही. जाहिरात दोहोंच्या शेजारी लागते.

यावर कुणी म्हणेल की चाहत्याला आनंद मिळतो, मग शोषण कसले? अर्थशास्त्राचा शिक्षक म्हणून हा युक्तिवाद मी अनेक रूपांत ऐकला आहे. मागावर उभा राहून गाणे गुणगुणणाऱ्या गिरणी कामगाराचा पगार, तो आनंदात आहे म्हणून, आपण कापू दिला असता काय? २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात संमतीची भाषा आहे, मोबदल्याची नाही. कोणते मत वर यावे आणि कोणते बुडावे, हे ठरवणारे गणित तर मालकाच्या तिजोरीत बंद आहे. ते जनतेसमोर उघडे करा, ही मागणी आपल्या एकाही ठरावात मला आजवर दिसलेली नाही. महागाईवर मात्र आपण दरवर्षी ठराव करतो आणि तो आपणच वाचतो. असो.

पुढच्या अभ्यासवर्गात त्या तरुणाला अर्धा तास द्यावा आणि त्याने त्या मालिकेवरच बोलावे, असे मी सुचवले आहे. ज्येष्ठ सहकाऱ्यांनी अद्याप होकार दिलेला नाही.