आधी सिस्टरला धरा, ही रीत बंद झाली पाहिजे

शेंद्रा, करमाड, कुंभेफळ, लाडगाव आणि जालना रस्त्यालगतच्या सर्व गावांतील बंधुभगिनींस,

आपल्या परिसरातील एका रुग्णालयात परवा रात्री एक तरुण कामगार दगावला आणि दिवस उजाडण्याच्या आत त्या मृत्यूपायी रात्रपाळीची सिस्टर बडतर्फ झाली, ही हकिकत आपणांस ठाऊक आहेच. मृताच्या घरच्यांचा आक्रोश रास्त होता. कर्ता मुलगा गेलेल्या आईबापांच्या दुःखाविषयी या पत्रकात एक अक्षरही वावगे यायचे नाही. मला बोलायचे आहे ते त्या बडतर्फीच्या हुकमाविषयी. शवविच्छेदनाचा अहवाल यायचा होता, कोणाची जबानी झालेली नव्हती, त्या रात्री वार्डात रुग्ण किती होते आणि परिचारिका किती, हे एकानेही विचारले नव्हते. आणि तरीही चाळीस खाटांच्या वार्डात एकटी उभी असलेली ती मुलगी अपराधी ठरली, कारण फाटकाशी जमलेल्या जमावाच्या हाती काहीतरी देणे व्यवस्थापनास भाग होते, आणि देता येण्याजोगे तेवढेच एक माणूस त्यांच्याजवळ होते.

परिचारिकांची संख्या अपुरी आहे, वेतन तुटपुंजे आहे, अकरा महिन्यांच्या हुकमावर त्यांना वर्षानुवर्षे राबवले जाते, याविषयी आपल्यात दुमत नाही. म्हणून त्याची उजळणी मी करीत नाही. माझा रोख एकाच गोष्टीवर आहे. रुग्णालयात काही विपरीत घडले की सर्वांत खालच्या पायरीवर उभ्या असलेल्या बाईला प्रथम धरायचे, आणि ती धरली गेली म्हणजे न्याय झाला असे समजून सर्वांनी आपापल्या घरी जायचे, ही जी रीत आपल्या राज्यात रूढ होऊन बसली आहे, तिच्याविरुद्ध हे पत्रक आहे.

९ जानेवारी २०२१ रोजी, मध्यरात्र उलटल्यावर, भंडाऱ्याच्या जिल्हा सामान्य रुग्णालयातील नवजात बालकांच्या अतिदक्षता कक्षाला आग लागली आणि दहा बालके मृत्युमुखी पडली. धूर प्रथम पाहिला तो कामावरच्या परिचारिकेने. सात बालके वाचवता आली. पुढे कारवाई जाहीर झाली तेव्हा वरिष्ठांपैकी कोणी निलंबित झाले, कोणाची बदली झाली, आणि कंत्राटावरच्या परिचारिकांची सेवा समाप्त झाली. पुढल्या महिन्यात सदोष मनुष्यवधाचा गुन्हा नोंदला गेला तो दोन परिचारिकांवर. निलंबन आणि सेवासमाप्ती यांतले अंतर सरकारी दप्तर पाहिलेल्या कोणासही समजावून सांगायला नको. निलंबित अधिकाऱ्याला निर्वाहभत्ता मिळतो, त्याची खातेनिहाय चौकशी होते, त्याला आपली बाजू मांडण्याची संधी असते, आणि बहुधा एक दिवस तो पुन्हा रुजूही होतो; सेवा समाप्त झालेल्या कंत्राटी बाईपुढे दाद मागण्यासाठी टेबलसुद्धा उरत नाही.

त्या आगीनंतर राज्यातील रुग्णालयांच्या अग्निसुरक्षेची तपासणी करण्याचे आदेश निघाले. पुरते दहा महिनेही झाले नव्हते, तोच ६ नोव्हेंबर २०२१ रोजी, ऐन भाऊबीजेच्या दिवशी, अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयातील अतिदक्षता विभाग पेटला आणि अकरा रुग्ण गेले. तीन दिवसांनी अटक झाली ती एका वैद्यकीय अधिकाऱ्याला आणि तीन परिचारिकांना. विजेच्या वाहिन्या परिचारिकांनी टाकल्या नव्हत्या, आग विझवणारी यंत्रणा बसवण्याचा वा न बसवण्याचा निर्णय त्यांच्या सहीने झाला नव्हता, तपासणीच्या आदेशाचे पुढे काय झाले हे त्यांना कोणी कळवलेही नसेल. परंतु आग लागली तेव्हा त्या तिथे होत्या, आणि आपल्या राज्यात तिथे असणे हाच गुन्हा ठरला.

शेंद्र्याच्या लोकांना ही गोष्ट इतरांपेक्षा अधिक लवकर उमगावी, कारण आपली निम्मी घरे पंचतारांकित औद्योगिक वसाहतीच्या पाळ्यांवर चालतात. प्रेसवर एखाद्याचे बोट गेले तर २०२५ पर्यंत लागू असलेला १९४८ चा कारखाने अधिनियम काय विचारीत असे? यंत्राचा धोक्याचा भाग झाकलेला होता की नव्हता, हे तो एकविसाव्या कलमाने विचारीत असे. आणि नियम मोडला गेला असेल तर ब्याण्णवाव्या कलमाने तो जबाबदार धरीत असे भोगवटादाराला आणि व्यवस्थापकाला. कामगाराच्या कर्तव्यांचेही कलम त्या कायद्यात होते, हे मी लपवीत नाही. पण ते पुष्कळ मागून येत असे, आणि यंत्र उघडे ठेवणाऱ्याची सुटका त्यामुळे होत नसे. हे तत्त्व आपल्या वडीलधाऱ्यांनी लढून मिळवलेले आहे. मग ज्या कामगाराला कारखान्याच्या दारात ‘आधी यंत्र पाहा’ असे म्हणण्याचा हक्क आहे, त्यानेच रुग्णालयाच्या दारात येऊन ‘आधी सिस्टरला धरा’ असे ओरडावे, यासारखी शरमेची गोष्ट नाही.

रात्रपाळी म्हणजे काय हे ज्यांनी पाहिलेले नाही त्यांच्यासाठी थोडे तपशिलात जाते. बहुतेक ठिकाणी रात्रीची ड्यूटी आठ ते आठ, म्हणजे बारा तास, ७२० मिनिटे. वार्डात चाळीस रुग्ण आणि सिस्टर एक असेल, तर एकेका रुग्णाच्या वाट्याला तिची अठरा मिनिटे येतात. त्यात दर चार तासांनी ताप, नाडी, श्वास आणि रक्तदाब पाहून तक्त्यावर लिहायचे, म्हणजे तीन फेऱ्या. फेरीला चार मिनिटे धरली तरी बारा मिनिटे संपली. रात्रीचे आणि पहाटेचे अँटिबायोटिक द्यायचे, म्हणजे कुपीतल्या पुडीत पाणी घालून ती विरघळवायची, सिरिंजमध्ये ओढायची, कॅन्युला चालू आहे की सुजली आहे ते पाहायचे आणि सावकाश सोडायचे. दोन वेळचे मिळून आठ मिनिटांच्या खाली हे काम होत नाही. अठरातून वीस गेली. आणि अजून तिने एकही सलाईन बदललेली नाही, कोणाच्या लघवीची पिशवी मोजून रिकामी केलेली नाही, दहा वाजता आलेली नवी भरती घेतलेली नाही, सकाळच्या ऑपरेशनच्या रुग्णाला उपाशी ठेवल्याची खात्री केलेली नाही, आणि डोळ्यांत झोप आलेल्या नातेवाइकाला तेच ते उत्तर तिसऱ्यांदा शांतपणे दिलेले नाही. मावशी दोन वार्डांत मिळून एक, आणि मामा रुग्णाला घेऊन एक्स-रेला गेलेले. म्हणून ऑक्सिजनचे सिलिंडर संपले की पाना घेऊन नवे उघडायलाही तीच धावते.

आता त्या तक्त्याकडे पाहा, कारण सारी चौकशी त्याच्याभोवती फिरते. नोंद नसलेले काम झालेलेच नाही असे धरले जाते, हे आम्हांला परिचर्येच्या पहिल्याच वर्षी शिकवतात, आणि ते योग्यच आहे. परंतु समजा, रात्री दोन वाजता कोपऱ्यातल्या खाटेवरच्या म्हाताऱ्याला धाप लागली, आणि दोनपासून साडेतीनपर्यंत सिस्टर त्याच्या उशाशी उभी राहिली, आणि तो वाचला. त्या दीड तासात उरलेल्या एकोणचाळीस तक्त्यांवरचे रकाने कोरे राहणारच. त्यांपैकी एखादा रुग्ण पहाटे गेला की केसपेपर जप्त होतात, कोऱ्या रकान्यावर बोट ठेवले जाते, आणि प्रश्न येतो: ‘या वेळात आपण काय करीत होता?’ वाचलेल्या म्हाताऱ्याचा केसपेपर त्या चौकशीत कोणी मागवीत नाही. जो कोरा रकाना वार्डात आणखी माणूस नव्हते याचा लेखी पुरावा आहे, तोच तिच्या कसुरीचा पुरावा म्हणून फायलीला लागतो. मी हे रकाने जन्मभर भरले आहेत आणि भरून घेतले आहेत; म्हणून सांगते की, रात्रीच्या तक्त्यावरचा कोरा रकाना वाचायचा असेल तर त्याच्या शेजारी त्या पाळीचे हजेरीपत्रक ठेवूनच वाचला पाहिजे. ते ठेवले जात नाही, कारण ते ठेवले की बोट वर वळते.

भारतीय परिचर्या परिषदेचे मानक सांगते की अध्यापन रुग्णालयाच्या सामान्य वार्डात तीन रुग्णांमागे एक परिचारिका असावी, इतरत्र पाचांमागे एक, आणि अतिदक्षता विभागात एकास एक. मुंबई इलाख्यात १९४९ साली झालेला शुश्रूषागृह नोंदणीचा कायदा अर्हताप्राप्त परिचारिकांचे प्रमाण योग्य नसेल तर नोंदणी नाकारण्याचा अधिकार देतो. म्हणजे अज्ञान ही सबब कोणाजवळही नाही. चाळीसांमागे एक ठेवणाऱ्याने हे जाणूनबुजून ठेवले आहे, आणि परवान्याचे नूतनीकरण करणाऱ्याने ते पाहूनही सही केली आहे.

यावर जे आक्षेप घेतले जातात त्यांतला पहिला, ‘मग काय हलगर्जीपणा खपवून घ्यायचा?’ मुळीच नाही. ज्या सिस्टरने चुकीचे औषध दिले, हाक ऐकून उठली नाही, नोंद खोटी केली, तिची चौकशी व्हावी, शिक्षा व्हावी. खोट्या नोंदीबद्दल माझ्या हाताखालच्या मुलींना मी स्वतः कधी क्षमा केलेली नाही. पण चौकशी याचा अर्थ आधी विचारणे आणि मग ठरवणे असा आहे. रात्रीतून काढलेला हुकूम ही चौकशी नव्हे; त्यामुळे खरा हलगर्जीपणासुद्धा कायमचा झाकला जातो, कारण जिला विचारायचे तीच निघून गेलेली असते.

दुसरा आक्षेप मोबाइलचा. ‘त्या मोबाइल बघत बसतात.’ हे वाक्य ज्यांच्या तोंडी असते त्यांना ठाऊक नाही की मध्यरात्री घरी झोपलेल्या डॉक्टरांना ईसीजीचा फोटो त्याच मोबाइलवरून जातो, औषधाचा निरोप त्याच मोबाइलवर येतो, प्रयोगशाळेचा अहवालही त्यावरच. आणि सकाळी काही बिनसले तर तो तोंडी निरोप दिल्याचे डॉक्टरांना आठवत नाही. वार्डात डॉक्टर हजर नाही, याची तक्रार सोडून सिस्टरच्या हातातील मोबाइलची तक्रार करणे हा निव्वळ आंधळेपणा आहे.

तिसरा आक्षेप मात्र माझ्या मस्तकात जातो. ‘पूर्वीसारखा सेवाभाव आता राहिला नाही.’ मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात अरुणा शानबाग या परिचारिकेवर २७ नोव्हेंबर १९७३ रोजी रुग्णालयाच्याच तळघरात, ती कपडे बदलायला गेली असता, तिथल्याच एका सफाई कर्मचाऱ्याने अमानुष हल्ला केला. १८ मे २०१५ ला ती गेली. मधल्या बेचाळीस वर्षांत तिच्या भगिनींनी, एक पिढी निवृत्त झाली तेव्हा दुसरीने, तिला अशी सांभाळली की अंथरुणाला खिळलेल्या त्या देहावर शय्याव्रण होऊ दिले नाही, आणि सर्वोच्च न्यायालयानेही तिच्याविषयीच्या २०११ च्या निकालात त्या शुश्रूषेची मुक्तकंठाने प्रशंसा केली. ज्यांना सेवाभाव पाहायचा असेल त्यांनी तिथे पाहावा. आणि हेही पाहावे की हल्लेखोराला सात वर्षांची शिक्षा झाली. पण ड्यूटी संपल्यावर परिचारिकेला कपडे बदलायला तळघरात का जावे लागत होते, याचा जाब कोणाला द्यावा लागल्याचे मी ऐकलेले नाही.

दर वर्षी १२ मे रोजी आमच्या हाती दीप देऊन फ्लॉरेन्स नाइटिंगेलच्या नावाने शपथ घेववतात, भाषणे करतात, गुलाबाचे फूल देतात. त्या बाईने खरे काय केले हे त्या भाषणांत येत नाही. क्रिमियन युद्धात स्कुटारीच्या लष्करी रुग्णालयात सैनिक मरत होते, तेव्हा तिने मेलेल्यांची गणती केली, आणि १८५८ मध्ये आकृत्या काढून सरकारपुढे मांडले की बहुसंख्य सैनिक जखमांनी मेलेले नसून टाळता येण्याजोग्या रोगांनी मेले आहेत. १८५५ च्या वसंतात स्वच्छता आयोगाने गटारे उपसली आणि हवा खेळती केली, तेव्हा मृत्यू झपाट्याने उतरले. रात्रपाळीच्या शुश्रूषकांना बडतर्फ करून ते उतरले नव्हते. दीप आमच्या हाती द्यायचा आणि गणती मात्र करायची नाही, असा हा सन्मान आम्हांला नको.

खाजगी रुग्णालयांतील मुलींची अवस्था याहून बिकट आहे, पण त्याविषयी थोडेच लिहिते. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या निर्देशानंतर नेमलेल्या समितीने पन्नासपेक्षा कमी खाटांच्या रुग्णालयातही परिचारिकेला किमान २०,००० रुपये वेतन असावे अशी शिफारस केली. जालना रस्त्यावर किती जणींना तेवढे मिळतात, हे त्यांनाच विचारा. आणि मूळ प्रमाणपत्रे व्यवस्थापनाच्या कपाटात अडकवून ठेवलेली मुलगी ‘मी चाळीस रुग्ण एकटीने घेणार नाही’ असे कोणत्या बळावर म्हणेल, हेही विचारा.

आमची मागणी अशी. रुग्णालयात अनपेक्षित मृत्यू झाला की पंचनाम्याच्या पहिल्या पानावर त्या पाळीतील रुग्णसंख्या, परिचारिकांची संख्या आणि ती नेमणूक मंजूर करणाऱ्याची सही यावी, आणि ते पान पुरे झाल्याखेरीज कोणत्याही परिचारिकेवर कारवाईचा हुकूम निघू नये. प्रत्येक वार्डाच्या दारावर दर पाळीला फळ्यावर दोन आकडे लिहिलेले असावेत: रुग्ण किती, सिस्टर किती. आपला माणूस भरती कराल तेव्हा रात्री आठ वाजता हे दोन आकडे मागा, आणि फळा कोरा असेल तर त्याच वेळी, माणूस जिवंत असताना, व्यवस्थापकाच्या दालनात जा. परवा बडतर्फ झालेल्या मुलीचा हुकूम तिची जबानी होईपर्यंत तहकूब करावा आणि तिची मूळ प्रमाणपत्रे तिला आजच्या आज परत द्यावीत.

एक निवृत्त परिसेविका, शेंद्रा