नऊ न्यायाधीशांचा आकडा

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात नऊच न्यायाधीश असतील, असे त्या देशाच्या राज्यघटनेतच लिहून टाकावे, अशी मागणी करणारे घटनादुरुस्तीचे प्रस्ताव गेल्या काही वर्षांत अमेरिकन काँग्रेसमध्ये मांडले गेले आहेत. प्रस्ताव जेमतेम एका वाक्याचा, आणि वरकरणी अगदी निरुपद्रवी. कोणाही राष्ट्राध्यक्षाला मर्जीतली माणसे भरून न्यायालय खिशात घालता येऊ नये, असा त्याचा युक्तिवाद आहे. टेड क्रूझ यांच्यासारखे प्रतिगामी सिनेटर या मागणीत पुढे आहेत, एवढ्यावरूनच ती निकालात काढणे मात्र चूक ठरेल.

नऊ हा आकडा अमेरिकन घटनाकारांनी दिलेला नाही. १७८९ च्या कायद्याने सहा न्यायाधीश ठरले, १८०७ मध्ये सात, १८३७ मध्ये नऊ, यादवी युद्ध चालू असताना १८६३ मध्ये दहा. १८६६ मध्ये काँग्रेसने ही संख्या सातवर आणण्याचे ठरवले, कारण तिच्याशी उघड संघर्ष करणाऱ्या राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांच्या हाती नेमणुका पडू द्यायच्या नव्हत्या. ते पायउतार होताच १८६९ मध्ये पुन्हा नऊ. ज्या आकड्याला आज परंपरेचे पावित्र्य चढवले जात आहे, तो असा राजकीय झटापटीतून आलेला आहे.

या आकड्यावरची सर्वांत मोठी लढाई १९३७ ची. महामंदीने कोट्यवधी श्रमिक देशोधडीला लागले असताना न्यायालयाने रूझवेल्ट सरकारचे औद्योगिक पुनरुत्थानाचे आणि शेतीविषयक कायदे एकामागून एक रद्दबातल ठरवले. जून १९३६ मध्ये न्यूयॉर्क राज्याचा स्त्री कामगारांच्या किमान वेतनाचा कायदाही पाच विरुद्ध चार मतांनी मोडीत निघाला. उपासमारीच्या मजुरीवर राबण्याचे ‘स्वातंत्र्य’ या पाच वृद्ध गृहस्थांना इतके पवित्र वाटत होते! फेब्रुवारी १९३७ मध्ये रूझवेल्ट यांनी सत्तरी ओलांडूनही निवृत्त न होणाऱ्या प्रत्येक न्यायाधीशामागे एक, असे कमाल सहा नवे न्यायाधीश नेमण्याची योजना मांडली. त्यांच्याच पक्षातील सिनेटरांनी ती हाणून पाडली आणि जुलैमध्ये सिनेटने ७० विरुद्ध २० मतांनी विधेयक समितीकडे परत धाडले.

परंतु त्याआधीच, मार्चअखेर, न्यायालयाने कूस बदलली होती. वॉशिंग्टन राज्यातील एका हॉटेलात खोल्यांची साफसफाई करणाऱ्या एल्सी पॅरिश यांनी किमान वेतनाच्या फरकापोटी सुमारे २१६ डॉलर मागितले होते. आठवड्याच्या ४८ तासांना साडेचौदा डॉलर, हा त्या राज्याचा दर. त्यांचा दावा पाच विरुद्ध चार मतांनीच मान्य झाला. न्यायमूर्ती रॉबर्ट्स यांनी बाजू बदलली, एवढाच काय तो फरक. रूझवेल्ट यांच्या धमकीने ते बदलले, असे सर्रास सांगितले जाते. पण त्यांनी आपले मत डिसेंबर १९३६ मध्येच, योजना जाहीर होण्यापूर्वी, सहकाऱ्यांपुढे नोंदवले होते. त्या नोव्हेंबरात रूझवेल्ट यांनी ४८ पैकी ४६ राज्ये जिंकली होती, आणि डिसेंबर संपता संपता फ्लिंटच्या मोटार कामगारांनी कारखान्यात ठिय्या दिला. एप्रिलमध्ये संघटनेचा आणि सामुदायिक वाटाघाटींचा हक्क देणारा वॅग्नर कायदाही वैध ठरला. खुर्च्या नऊच राहिल्या होत्या. बदलले होते ते देशातील वातावरण.

नऊचा आकडा घटनेत गोठवण्याचा प्रयत्नही नवा नाही. मे १९५४ मध्ये सिनेटने अशी दुरुस्ती ५८ विरुद्ध १९ मतांनी संमत केली होती. प्रतिनिधिगृहात ती अडली. मात्र त्या मसुद्यात ७५ व्या वर्षी सक्तीची निवृत्तीही होती. आजच्या प्रस्तावकर्त्यांनी निवृत्तीचे कलम साळसूदपणे गाळले आणि आकडा तेवढा उचलला. खरी मेख येथे आहे.

कारण आजचे बहुमत बनले कसे? २०१६ मध्ये निवडणुकीचे वर्ष असल्याची सबब सांगून रिपब्लिकन सिनेटने ओबामा यांनी सुचवलेल्या मेरिक गारलंड यांची साधी सुनावणीही घेतली नाही, आणि न्यायालय वर्षभर आठ न्यायाधीशांवर चालले. तेव्हा नऊचे पावित्र्य कोणालाच आठवले नाही. २०२० मध्ये त्याच सिनेटने मतदानाला आठ दिवस उरले असताना एमी कोनी बॅरेट यांची नेमणूक उरकली. निवडणुकीत मक्तेदार कंपन्यांना पैसा ओतण्याची मुभा २०१० मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी मिळाली. सरकारी कर्मचारी संघटनांच्या निधीवर घाव २०१८ मध्ये तेवढ्याच मतांनी पडला. गर्भपाताचा घटनादत्त हक्क २०२२ मध्ये गेला. तहहयात न्यायाधीशांची संख्या अशा वेळी गोठवणे म्हणजे विशिष्ट बहुमताभोवती तट बांधणे होय.

संख्या वाढवणे हा रामबाण उपाय आहे, असे मात्र नव्हे. अर्जेंटिनात १९९० मध्ये मेनेम यांनी न्यायाधीश पाचाचे नऊ केले ते सार्वजनिक उद्योगांच्या खाजगीकरणाची वाट मोकळी करण्यासाठी. तेथील जनता त्या न्यायालयाला ‘आपोआप बहुमत’ म्हणून हिणवत असे. २००६ मध्ये कायद्याने संख्या पुन्हा पाचवर आणावी लागली. २०२१ मध्ये तेरा न्यायाधीशांचे विधेयक आणणाऱ्या डेमोक्रॅट सदस्यांनीही हे विसरता कामा नये.

भारताच्या घटनेने अनुच्छेद १२४ मध्ये सुरुवातीला सरन्यायाधीश व कमाल सात न्यायाधीश ठरवले आणि वाढीचा अधिकार संसदेकडे सोपवला. २०१९ मध्ये ही संख्या सरन्यायाधीशांखेरीज ३३ झाली. त्यावरून वादळ उठले नाही, कारण येथे न्यायाधीश ६५ व्या वर्षी निवृत्त होतात आणि न्यायालय छोट्या पीठांत बसते. एखाद्याची नेमणूक तीस-तीस वर्षांचे धोरण ठरवत नाही. अमेरिकेत नऊही जण एकत्र बसतात आणि मरेपर्यंत बसू शकतात.

अमेरिकन घटनेत शिरलेले वाक्य बाहेर काढायला दोन्ही सभागृहांत दोन-तृतीयांश मते आणि ५० पैकी ३८ राज्यांची संमती लागते. तेरा राज्ये अडून बसली की संपले. जुलै २०२४ मध्ये राष्ट्राध्यक्ष बायडेन यांनी न्यायाधीशांना अठरा वर्षांची मुदत घालण्याची सूचना केली होती. नऊच्या आकड्यासाठी एवढा डोंगर पोखरायला निघालेल्यांच्या मसुद्यात त्या मुदतीला एका ओळीचीही जागा नाही.