रंग आवडीचा, सजावट बेताची

नवी पोर्श ९११ घेतानाही अनेकजण पांढरा, काळा किंवा राखाडी रंग निवडतात. पुढे विकताना सोपं जावं म्हणून. हे पटत नाही.

स्पोर्ट्स कारला रंगांची मोठी परंपरा आहे. शर्यतीत इटलीचा लाल, ब्रिटनचा हिरवा, फ्रान्सचा निळा. फेरारी म्हणजे लालच, असं आपण धरून चालतो. पण १९६४ मध्ये शर्यतपटू जॉन सर्टीझने फॉर्म्युला वनच्या जगज्जेतेपदावर शिक्कामोर्तब केलं ते निळ्या-पांढऱ्या फेरारीतून. पोर्श तर जादा पैसे घेऊन ग्राहकाच्या पसंतीचा रंगही देते.

सजावटीत मात्र हात आखडता घ्यावा. पोर्शच्या चाकाआडून दिसणारे पिवळे ब्रेक कॅलिपर ही सिरॅमिक ब्रेकची खूण. साध्या ब्रेकवर तो रंग फासणं ही उसनी ऐट. त्यापेक्षा सीटची शिलाई आणि सीटबेल्ट बाहेरच्या रंगाशी जुळवावेत. आणि रंगाचा नमुना भर उन्हात पाहिल्याशिवाय ऑर्डर देऊ नये.